गाडी तीच, रस्ता तोच

पेट्रोल कसं चोरतात हे मला नीट माहीत होतं. फौजेत सोळा वर्षं मोटारी चालवल्या, त्यातली शेवटची पाच डेपोत गेली, आणि डेपोत माणूस दुसरं काही शिको न शिको, पेट्रोलला किती पाय फुटतात हे शिकतोच. रबरी नळी, डायरीतले खोटे किलोमीटर, अर्धा डबा भरलेला म्हणून दाखवणं. मी स्वतः दोघांना पकडून दिलं होतं. त्यातला एक माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा, त्याच्या घरून आलेली पत्रं मीच त्याला वाचून दाखवायचो. तरी दिलं. म्हणून विट्यातल्या त्या ओट्यावर, दहा-पंधरा माणसांदेखत, शेठनं जेव्हा मला विचारलं की पेट्रोल जातंय कुठं, तेव्हा माझ्या डोक्यात काय झालं ते आज इतक्या वर्षांनीही मला शांतपणे सांगता येत नाही. सांगायचा प्रयत्न करतो.

पेन्शनीवर गावी आलो ते सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. आमचं गाव विट्याजवळचं, कोरडवाहू. जमीन दोन थोरल्या भावांना पुरता पुरत नव्हती, त्यात तिसरं तोंड नको म्हणून मी विट्यात शेठच्या गाडीवर लागलो. शेठ गलाईवाला, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करून देणारा. दुकान लांब दक्षिणेत, तो वर्षातून तीन-चार वेळा घरी यायचा. गाडी ठेवली होती ती त्याच्या आईसाठी. म्हातारीचे गुडघे धरले होते आणि दर सोमवारी तिला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागायचं. तासगाव, सांगली, मिरज, आणि त्याच वाटेनं परत. शेठ मला ‘हवालदार’ म्हणायचा, अहोजाहो करायचा. मला ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

शेठला आपल्या धंद्याचा फार अभिमान. गाडीत शेजारी बसला की सांगायचा. त्यांच्या दुकानातून कामगार संध्याकाळी बाहेर पडतात तेव्हा दारातल्या घंगाळात हातपाय धुऊन जातात, आणि ते पाणी फेकत नाहीत. नखात, केसात अडकलेला सोन्याचा कण त्यात उतरतो. दुकानाचा केरसुद्धा साठवतात आणि जाळून त्यातलं सोनं काढतात. "कमी आलं म्हंजी कुणीतरी न्हेलं, हवालदार," तो म्हणायचा. "सोनं काय हवेत उडत न्हाई." मी मान हलवायचो. आपल्याला काय करायचंय, असं वाटायचं. हेच वाक्य एक दिवस माझ्यावर उलटणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर मी गाडी तिथंच रस्त्याच्या कडेला लावली असती.

पौषात पालीच्या खंडोबाची जत्रा असते, सातारा जिल्ह्यात, कराडच्या पुढं. शेठ दुकान बंद ठेवील पण जत्रा चुकवणार नाही. त्या वर्षी शेठ, त्याची आई आणि मी, असे तिघं गेलो. गाडी नदीच्या अलीकडं उभी केली. भंडारा म्हणजे हळदीची पूड, पण तिथं ती चिमटीनं उधळत नाहीत, पोत्यानं उधळतात. हवाच पिवळी होते. बॅटरी उतरलेली होती, गाडी एकदा बंद झाली तर गर्दीत धक्का मारायला जागा नाही, म्हणून इंजिन चालूच ठेवलं होतं. शेठ म्हणाला, "हवालदार, तुमी जावा दर्शनाला. मी हाय गाडीजवळ." मला बरं वाटलं. मालक गाडी राखतोय आणि ड्रायव्हर दर्शनाला जातोय, असं कुठं घडतं. मी तास-दीड तासानं परत आलो तर गाडी टपापासून चाकापर्यंत पिवळी, शेठही पिवळा आणि एकदम खुशीत. पुढचे दोन दिवस मी ती धूत होतो. काचेच्या रबरातून, बॉनेटच्या फटीतून, दाराच्या बिजागरीतून हळद काढली. बाहेरून लख्ख केली. शेठ दुकानाला निघून गेला.

नंतरच्या सोमवारपासून गाडी बिघडली. बिघडली म्हणजे बंद पडली नाही. बंद पडती तर बरं झालं असतं. तासगावच्या अलीकडचा चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढायची, तिथं आता दुसरा टाकावा लागला. मागं बघितलं तर काळा धूर. आणि जिथं लिटरला दहा किलोमीटर जात होते तिथं साडेसहासुद्धा मिळेनात. पेट्रोल तेव्हा एकाएकी इतकं महागलं होतं की लोकांनी गाड्यांवर ताडपत्र्या टाकल्या होत्या. अशा दिवसांत हे.

मी हात बांधून बसलो नाही. टाकीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवला, सकाळी कोरडा. म्हणजे गळती नाही. दहा मैल चालवून चारी चाकांना हात लावून बघितला, एखादा ब्रेक धरून राहिला तर ड्रम तापतो. चारी सारखे कोमट. टायरची हवा पाहिली. प्लग काढले, तर चारींवर चुलीच्या तव्याखाली असते तशी काजळी. म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळत होती. प्लग घासून पुसून लावले, दोन दिवसांत पुन्हा तेच. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बुरेटरची सुई बसत नसेल, चोक अडकत असेल, असं मनात धरून मी ते खोलायचं ठरवत होतो. पण सामान उघडायचं तर शेठला विचारायला हवं, आणि पत्र पोचून उत्तर यायला आठवडे. तोवर दर सोमवारी म्हातारीला न्यायचं होतंच. पेट्रोलची चिठ्ठी शेठचा मेहुणा द्यायचा. दर वेळी चिठ्ठी लिहिताना तो माझ्याकडं बघायचा आणि काही बोलायचा नाही. ते न बोलणं पत्रातून शेठपर्यंत माझ्या पत्राच्या आधी पोचलं.

महाशिवरात्रीच्या सुमारास शेठ घरी आला. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी पुसत होतो. ओट्यावर गावची माणसं बसलेली. शेठनं तिथूनच हाक मारली, "ड्रायव्हर, हिकडं या."

हवालदार नाही, ड्रायव्हर. मी तेवढ्यावरच समजायला हवं होतं.

"गाडी तीच, रस्ता तोच, म्हातारी तीच," तो म्हणाला. "मग पेट्रोल जातंय कुठं?"

मी म्हणालो, "गाडी काळा धूर टाकतीया शेठ. जास्ती जाळतीया. कार्बुरेटर खोलाय पायजे. मी पत्र टाकलंय तुमास्नी."

"पत्र टाकाय काय लागतंय. कमी आलं म्हंजी कुणीतरी न्हेलं. मी काय तुमाला चोर म्हणत न्हाई. परवा ऐतवार हाय. देवळात या, चार माणसांत बेलभंडारा उचला. मग माझं काय म्हणणं न्हाई."

ओट्यावरचे सगळे माझ्याकडं बघत होते. मेहुणा आपल्या नखांकडं बघत होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खंडोबापुढचा बेल आणि भंडारा हातात उचलून जो बोलेल ते खरं धरतात. तुम्ही म्हणाल, मग उचलायचा होता, खऱ्याला कसली भीती? माझी बायकोही त्या दिवशी घरी हेच म्हणाली. पण शपथ घेऊन माणूस सुटत नाही. तो देवाच्या नजरकैदेत जातो. पुढच्या वर्षभरात माझ्या पोराला साधा ताप आला, भावाचा बैल बसला, तरी लोक म्हणणार, बघा, उचलला होता ना भंडारा. सोळा वर्षं पेट्रोलच्या टाकीवर बसून ज्यानं एक थेंब हलवला नाही, त्यानं आता आयुष्यभर पोराच्या तापाला भ्यायचं? आणि नाही उचलला तर चोर ठरलोच. इकडं आड, तिकडं विहीर. मी बायकोवर इतका ओरडलो की शेजारचे बाहेर आले. ती भाकऱ्या थापून झाल्यावर म्हणाली, "मग तुमी कशाला बोलताय? गाडीला बोलू द्या."

शनिवारी सकाळी सात वाजता मी शेठच्या दारात. म्हणालो, "उद्या देवळात येतो. आजचा दिवस गाडी द्या. आणि तुमीबी संगं बसा, म्हंजी मागनं काय बोलायला नको." तो बसला. मी काही बदलाबदल करीन असंच त्याच्या मनात होतं, तोंडावर दिसत होतं.

स्टँडमागं एका मुसलमान मिस्त्रीची शेड होती. बापाच्या हाताखाली शिकलेला, बोलायला कमी, हाताला सरळ. त्याला मी सांगितलं, टाकीचा संबंधच तोड. त्यानं टाकीकडून येणारी नळी काढून बांधून टाकली. मिरजेच्या दवाखान्यातून आणलेली सलाइनची एक काचेची बाटली माझ्याकडं होती, तिच्यावर मापाच्या रेघा असतात. तिच्यात अर्धा लिटर पेट्रोल भरायला मी शेठच्याच हातात डबा दिला. सोन्याची गुंज तोलणारा माणूस, त्यानं बाटली डोळ्यासमोर धरून थेंबाथेंबानं रेघेला आणली. मिस्त्रीनं ती बॉनेटजवळ उंच टांगली आणि तिची नळी सरळ कार्बुरेटरला जोडली. आता गाडी चालणार ती शेठनं मोजलेल्या पेट्रोलवर, आणि मध्ये माझा हात कुठंच नाही.

मिस्त्रीला मागं बसवून तासगावच्या रस्त्याला लागलो. शेठची नजर किलोमीटरच्या आकड्यांवरून हलली नाही. पाच किलोमीटर जायला हवे होते. तीन झाले, वर थोडं गेलो, आणि गाडीनं दोन गचके देऊन मान टाकली. मी खाली उतरलो. बाटली कोरडी ठणठणीत. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, राखणीच्या माणसाशिवाय कोणी नाही.

"बघितलं?" मी म्हणालो.

"म्हंजी गाडीच पितीया," शेठ म्हणाला.

"व्हय. गाडीच पितीया."

मी वाट बघितली. त्यानं खिशातून सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली. एवढंच. मी त्या रस्त्यावर त्याचा गळा धरला असता, पण मिस्त्रीनं डब्यातलं पेट्रोल बाटलीत ओतायला घेतलं आणि मला म्हणाला, "हवालदार, जरा बाटली धरा." दोन्ही हात गुंतले, बरं झालं.

परत शेडमध्ये आलो. कार्बुरेटर खोलला. सुई नीट, जेट नीट, चोकची पट्टी मोकळी. मिस्त्री म्हणाला, "एअर क्लीनर बघू या की." मी म्हणालो, "नको. तो मी दिवाळीला स्वतः साफ केलाय." इथं माझीही चूक आहे, ती सांगायला हवी. त्या काळच्या गाडीच्या एअर क्लीनरला तळाशी तेल भरलेलं भांडं असायचं. इंजिन ओढील ती हवा त्या तेलावरून जायची आणि धूळ तेलात बसायची. फौजेत, राजस्थानच्या वाळूत, मी ते भांडं दर शनिवारी उघडायचो. पेन्शन घेतल्यावर दिवाळी ते दिवाळी उघडायला लागलो होतो. आणि स्वतः साफ केलेली वस्तू घाण असेल हे माझ्या डोक्यात येईना. दीड महिना मी चाकं चाचपत होतो, टाकीखाली पुठ्ठे सरकवत होतो आणि ते झाकण उघडत नव्हतो. या घमेंडीचा राग मला आजही येतो.

मिस्त्रीनं माझं ऐकलं नाही. वरचा नट फिरवला, झाकण उचललं आणि मागं सरला.

भांड्यात तेल नव्हतंच. घट्ट पिठलं झालं होतं, पिवळं, कडेनं काळं. वरची जाळी त्यानं लिंपून गेली होती, हवेला वाट कुठली राहणार. जळक्या तेलाचा आणि हळदीचा असा वास सुटला की शेडमधलं मांजर उठून गेलं. मिस्त्रीनं बोटावर घेऊन वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी शेठकडं बघितलं.

शेठनं डोक्यावरची टोपी काढली. चपला काढल्या. तेलकट फरशीवर अनवाणी उभं राहून त्यानं त्या भांड्याला हात जोडले. "भंडारा हाय," म्हणाला. मिस्त्री ते खरवडून गटारात टाकायला निघाला तर त्याचा हात धरला. सगळं एका कागदात काढून घेतलं, वरून आपला धुतलेला रुमाल बांधला, आणि दोन्ही हातांत धरून घरी चालू लागला. गाडी नीट झाली का ते बघायलाही थांबला नाही. मी तिथंच उभा होतो. दोन हातांवर उभ्या असलेल्या जित्या माणसाला त्यानं ‘चुकलं’ म्हटलं नाही, आणि त्या गाळाला पायातल्या चपला काढून नमस्कार केला.

आम्ही जाळी रॉकेलनं धुतली, नवं तेल घातलं, प्लग घासले. पुन्हा तीच बाटली, तेवढंच पेट्रोल. गाडी साडेपाच किलोमीटर गेली. तो चढ तिसऱ्यात चढली. मिस्त्री हसला. मला हसू आलं नाही.

गाडी लावायला घरी गेलो तर माजघरात म्हातारी मुलाला बोलत होती. "तूच की रं घातलास. मी गाडीतच न्हवते का बसले? बॉनेट उघडलास, चालू इंजिनात मूठ रिकामी केलीस, आन म्हणलास, बघ आई, गाडीनं परसाद घेतला. एक न्हवं, चार मुठी घातल्यास."

मी दर्शनाला गेलो होतो तेव्हाची ही गोष्ट. एअर क्लीनरच्या तोंडानं इंजिन हवा ओढतं, पुढं धरलं ते ओढणारच. याला वाटलं, देवानं घेतला. आणि नंतर पेट्रोल कमी आल्यावर याला ते आठवलंसुद्धा नाही, कारण याच्या हिशेबी कमी आलं म्हणजे कुणीतरी नेलं.

मला बघून शेठ म्हणाला, "झालं गेलं, हवालदार. सोमवारी आईला मिरजेला न्यायचं ध्यानात हाय न्हवं?"

पुन्हा हवालदार झालो होतो.

मी म्हणालो, "उद्या ऐतवार हाय. मी देवळात येतोय. बेलभंडारा तुमी उचला. चार माणसांत म्हणा, ह्याच्यावर मी आळ घेतला त्यो खोटा हाय."

"आता कशाला? मिटलं की."

"आळ वट्यावर आन मिटवायचं माजघरात?"

तो उठून आत गेला.

रविवारी मी धुतलेला सदरा घालून देवळात गेलो. ओट्यावरची सगळी मंडळी आली होती, शिवाय आणखी तेवढीच. चोर शपथ घेताना कसा दिसतो ते बघायला माणसं कामं टाकून येतात. शेठ आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. एकजण म्हणाला, "उचला की हवालदार, कुणाची वाट बघताय?" मी एअर क्लीनरचं सांगायला लागलो. तेल, जाळी, हवा. ज्यांनी कधी बॉनेटखाली डोकं घातलं नाही त्यांना काय कळणार? मागं कुणीतरी खुसखुसलं. मला दिसत होतं, अजून पाव तास असाच उभा राहिलो की हे गाव ठरवून मोकळं होणार, भंडारा उचलायची वेळ आली तेव्हा हवालदारानं कच खाल्ली.

तेवढ्यात बायका बाजूला सरल्या. म्हातारी आली. घर तीन गल्ल्या लांब. ज्या बाईला गाडीच्या पायरीवर मी हाताला धरून चढवायचो ती काठी टेकत, दोनदा भिंतीला बसत आली होती. हातात तो रुमाल. देवापुढं ती खाली बसली, रुमाल सोडला आणि तो काळापिवळा गाळ, वर बेलाचं पान ठेवून, ओंजळीत उचलला.

"गाडीला भंडारा माज्या लेकानं चारला," ती म्हणाली. "पेट्रोल गाडीनं जाळलं. ह्या माणसानं एक थेंब न्हेला न्हाई. मी खोटं बोलत आसंन तर खंडोबा माजं बघून घील."

ज्यानं मला उचला म्हटलं होतं तो पुढं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागला, मी तो झटकला. माझं नाव धुऊन निघालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आळ धडधाकट माणसानं घ्यायचा आणि फेडायला गुडघे धरलेल्या आईनं यायचं, आणि तो घरी बसून चहा पितोय. म्हातारीच्या हातावरून तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. मी माझ्या धुतलेल्या सदऱ्यानं तिचे हात पुसले. ती म्हणाली, "सोमवारी येतोस न्हवं, बाबा?" किल्ली शेठच्या ओट्यावर फेकायची असं मी रात्रीच ठरवून आलो होतो. मी म्हणालो, "येतो, आई."

आणि गेलो. पुढं वर्षभर गेलो. शेठनं मला ‘चुकलं’ असं कधी म्हटलं नाही, फक्त जास्तच अहोजाहो करायला लागला. त्याच्या अहोजाहोचा मला वीट आला होता.

पुढच्या पौषात पुन्हा पालीला गेलो. गाडी नदीच्या अलीकडं, त्याच जागी. मागच्या सीटवर म्हातारी. ओट्यावरचेच तीन-चार जण या खेपेला आमच्याबरोबर आले होते. मी इंजिन बंद केलं आणि बॉनेटला टेकून उभा राहिलो. शेठच्या दोन्ही मुठी भंडाऱ्यानं भरलेल्या. तो म्हणाला, "हवालदार, जावा की दर्शनाला. मी हाय गाडीजवळ."

मी जागचा हललो नाही. ओट्यावरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "तुमीच जावा, शेठ. मी थांबतो गाडीपाशी. काय कमी आलं तर मलाच इचारणार तुमी."